कुकर शिट्टी का देतो?

वाईला आमचा रात्रीचा वर्ग भरतो. जेवणे उरकून, भांडी घासून, पोरे निजवून बाया येतात. २०२२ सालच्या पावसाळ्यात एका रात्री वाचन बाजूला राहिले आणि गॅसच्या गोष्टी निघाल्या. सिलिंडर कुणाकडे किती दिवस पुरतो? कुणी म्हणाली महिना, कुणी म्हणाली पाच आठवडे. एक मावशी तेवढ्या गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, "आमचा अठरा दिवसांत संपतो."

घरात माणसे सात. रोज डाळ पातेल्यात शिजायची. एक तास, कधी सव्वा तास. उसळ असली तर विचारूच नका.

"मावशी, कुकर नाही का घरी?"

"आहे की. लग्नातला आहे. माळ्यावर टाकलाय."

"माळ्यावर का?"

"माझ्या जावेच्या घरी कुकर उडाला होता, मास्तर. डाळ छताला चिकटली. तिचा हात कोपरापर्यंत भाजला. तेव्हापासून सासूबाईंनी आमचा वर टाकून दिला. ते भांडं नाही, बाँब आहे."

वर्गात हसू पिकले. आम्ही मात्र हसलो नाही. कारण मावशी अगदीच चुकीचे बोलत नव्हत्या. कुकरमध्ये जोर असतोच. तो जोर कुठून येतो, किती असतो आणि कुठून बाहेर पडतो, हे कळले तर कुकरइतके गुणी भांडे नाही. न कळले, तर जाऊबाईंचे झाले तसे होऊ शकते. म्हणून त्या आठवड्यात आम्ही वर्गात शेगडीच आणली. तिथे जे पाहिले व बोललो, तेच इथे लिहितो.

प्रथम साधे पातेले घेतले. त्यात पाणी ठेवले आणि शाळेच्या प्रयोगशाळेतला तापमापक त्यात सोडला. (ताप बघायचा घरातला तापमापक उकळत्या पाण्यात घालू नका, तो फुटतो.) पाणी तापू लागले, तसा पारा चढू लागला. साठ, सत्तर, नव्वद. पाण्याला उकळी फुटली आणि पारा ९८ अंशांच्या जरा खाली येऊन थांबला.

आम्ही म्हटले, "आता गॅस मोठा करा." गॅस मोठा केला. पाणी खदखदू लागले, बाहेर उडू लागले. पारा तिथेच. "आता बारीक करा." बारीक केला. पाणी नुसते रटरटू लागले. पारा तिथेच!

बायांना हे पटेना. एकीने तर तापमापक बिघडलाय असे ठरवून टाकले. पण खरे ते तेच आहे. पाणी एकदा उकळले, की त्याला कितीही जाळ द्या, ते त्याहून जास्त तापत नाही. मग वरचा जाळ जातो कुठे? तो पाण्याची वाफ करण्यात खर्च होतो. आणि हा खर्च फार मोठा आहे. एक लिटर गार पाणी उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सुमारे सातपट उष्णता त्या सगळ्या पाण्याची वाफ करायला लागते. म्हणजे पातेल्यातली डाळ खदाखदा उकळते, तेव्हा ती लवकर शिजत नसते. आपण फक्त पैसे देऊन घरात वाफ करत असतो.

आता पारा ९८ च्या खाली का थांबला? पुस्तकात तर पाणी १०० अंशांना उकळते असे असते. पुस्तक खोटे नाही. ते समुद्राकाठचे बोलते. आपल्या डोक्यावर हवा आहे, आणि हवेला वजन आहे. समुद्राकाठी दर चौरस सेंटिमीटर जागेवर, म्हणजे नखाएवढ्या जागेवर, हवा साधारण एक किलोच्या जोराने दाबते. पाण्याची वाफ व्हायची, तर त्या वाफेला हे हवेचे ओझे रेटून वर यावे लागते. ओझे जास्त, तर पाण्याला जास्त तापावे लागते. ओझे कमी, तर थोडक्यात भागते. आपली वाई समुद्रापासून सुमारे सातशे मीटर उंच. इथे हवा जरा पातळ, म्हणून पाणी लवकर उकळते. पसरणीचा घाट चढून महाबळेश्वरला गेलात, तर ते साधारण ९५-९६ अंशांनाच उकळेल. लडाखात लेह हे गाव साडेतीन हजार मीटरांवर आहे. तिथे पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळते. अशा पाण्यात डाळ तासन् तास ठेवली, तरी तिचे दाणे कडकच राहतात. पाणी उकळत असते, पण ते पुरेसे गरमच नसते!

मग उलटे करून पाहू. पाण्यावरचे ओझे वाढवले तर? तर पाण्याला जास्त तापावे लागेल, आणि जास्त तापलेल्या पाण्यात डाळ लवकर शिजेल. कुकर एवढेच करतो. झाकण घट्ट लावून वाफ आत कोंडतो. कोंडलेली वाफ पाण्यावर दाब देते. बाहेरच्या हवेच्या दाबावर आणखी दर चौरस सेंटिमीटरला एक किलो एवढा दाब वाढला, की आतले पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. शंभर आणि एकशे वीस यांत फरक तो काय, असे वाटेल. पण शिजण्याचा वेग प्रत्येक दहा अंशांना जवळजवळ दुप्पट होतो, असा ढोबळ हिशेब आहे. वीस अंश वाढले की वेग चौपट. तासाची डाळ पंधरा मिनिटांत.

ही युक्ती जुनी आहे. देनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने १६७९ साली, म्हणजे शिवाजीमहाराज हयात असताना, लंडनमध्ये असे भांडे करून दाखवले. त्यात तो हाडेसुद्धा मऊ शिजवायचा. १६८२ साली त्याने तिथल्या रॉयल सोसायटीतल्या विद्वानांना याच भांड्यात शिजवलेले जेवण घातले. पण आमच्या मते त्याचे मोठे काम वेगळेच. भांडे फुटेल ही भीती त्यालाही होती. म्हणून त्याने त्यावर वजन लावलेली एक झडप बसवली. आत दाब फार झाला, की वाफ झडप उचलून बाहेर पडायची. पुढे वाफेच्या इंजिनांवर अशाच झडपा आल्या. आणि आज आपल्या स्वयंपाकघरात जी शिट्टी बोंबलते, ती त्याच झडपेची नात. आपल्याकडे घरोघरी कुकर यायला मात्र बराच काळ गेला. प्रेस्टिज आणि हॉकिन्स या दोन्ही नावांचे कुकर भारतात निघू लागले ते १९५९ च्या सुमारास.

आता शिट्टीचेच बघा. झाकणाच्या मध्ये एक बारीक नळी असते. शिट्टी म्हणजे त्या नळीवर ठेवलेले वजन, बाकी काही नाही. धरा, नळीचे भोक तीन मिलिमीटर रुंद आहे. एवढ्याशा भोकावर दर चौरस सेंटिमीटरला एक किलो या हिशेबाने जोर पडतो फक्त सत्तर ग्रॅमचा. म्हणून तेवढेच वजन त्यावर पुरते. दाब ठरल्याबाहेर गेला, की वाफ शिट्टी उचलते, फुस्सकन बाहेर पडते. दाब उतरतो, शिट्टी खाली बसते. पुन्हा दाब चढतो. "डाळ शिजली" असे शिट्टी सांगत नाही. ती फक्त एवढेच सांगते की "आत दाब पुरा झाला, आता जाळ जास्त आहे."

हे ऐकून वर्गात एक बाई म्हणाल्या, "मग आम्ही चार शिट्ट्या मोजतो ते काय?"

ते बरोबर नाही, असेच आम्हांला सांगावे लागले. मोठ्या बर्नरवर ठेवलात तर चार शिट्ट्या चट्‌दिशी होतील आणि डाळ कच्ची राहील. बारीक गॅसवर त्याच चार शिट्ट्यांना अर्धा तास लागेल. आधी मोठ्या गॅसवर एक शिट्टी येऊ द्यावी. मग गॅस इतका बारीक करावा की शिट्टी नुसती सुसू करील, पण उडणार नाही. तिथून घड्याळ बघावे. भिजवलेली तूरडाळ असेल तर आठ-दहा मिनिटे, हरभरे असतील तर वीस-पंचवीस. आतले पाणी १२० अंशांवरच असते, गॅस मोठा ठेवला तरी त्याच्या वर जात नाही. जास्तीचा जाळ शिट्टीतून उडून जातो. मिनिटे मोजण्याची सवय लागायला आठवडा जातो. पण सिलिंडर खरा वाचतो तो इथे.

आता भीतीकडे वळू. दर चौरस सेंटिमीटरला एक किलो, असे आम्ही म्हटले. भोक लहान होते म्हणून तिथे सत्तर ग्रॅम झाले. पण झाकण? पाच लिटरच्या कुकरचे तोंड वीस सेंटिमीटर रुंद धरा. त्याचे क्षेत्रफळ तीनशे चौरस सेंटिमीटरच्या वर भरते. म्हणजे शिट्टी वाजत असताना त्या झाकणाला आतून तीनशे किलोंचा रेटा असतो. सिमेंटच्या सहा गोण्या झाकणावर रचल्या, तर जेवढा भार होईल तेवढा! हे आकडे फळ्यावर मांडले तेव्हा वर्ग चिडीचूप झाला.

आणि नुसत्या रेट्याने संपत नाही. आतले पाणी १२० अंशांवर आहे. ते पाणी म्हणून राहिले आहे ते केवळ दाबामुळे. तुम्ही दांडा हिसकून झाकण उघडलेत, तर दाब एका क्षणात जातो. मग ते पाणी १२० अंशांवर राहूच शकत नाही. त्यातल्या थोड्या पाण्याची तत्क्षणी वाफ होते. किती पाण्याची? लिटरमागे चाळीस ग्रॅमसुद्धा नाही, दोन-तीन चमचे धरा. पण पाण्याची वाफ झाली की ते सोळाशेपट पसरते. त्या दोन-तीन चमच्यांची साठ लिटर वाफ होते. चार-पाच घागरी भरतील एवढी वाफ पाच लिटरच्या भांड्यात डाळीच्या खालून, मधून, सगळीकडून एकदम उठते. ती डाळीला घेऊनच वर जाते. जाऊबाईंच्या छतावर डाळ गेली ती अशी. बहुतेक घरी "कुकर उडाला" म्हणतात तेव्हा कुकर फुटलेला नसतोच. घाईने उघडलेला असतो.

म्हणून एकच ध्यानात धरा. शिट्टी उचलून बघा. फुस्स आवाज आला, तर झाकणाला हात लावू नका. आवाज पूर्ण थांबला, की मगच झाकण. आत मुख्य म्हणजे घाई करू नका. पोर रडत असले, तरी दहा मिनिटे थांबा. काही कुकरांचे झाकण आतल्या बाजूने बसते. दाब असेपर्यंत वाफच ते वर रेटून धरते, म्हणून जोर केला तरी ते निघत नाही. ते निघत नाही म्हणून हातोडीचे ठोके मारणारेही आम्ही पाहिले आहेत! बाहेरून बसणारे झाकण मात्र दाब असतानाही जोराने फिरू शकते. तिथे जास्त जपावे. कधीकधी उलटेही होते. कुकर पूर्ण निवला, तरी झाकण हलत नाही. तेव्हा आतली वाफ थिजून पाणी झालेली असते, आत पोकळी असते, आणि बाहेरची हवा झाकण दाबून धरते. शिट्टी उचला, सूं करून हवा आत जाईल, झाकण सुटेल.

खरे फुटणे होते ते वाफेच्या सगळ्या वाटा बंद झाल्यावर. पहिली वाट शिट्टीची. डाळीचा फेस येतो, साले वर येतात आणि ती नळीत अडकतात. म्हणून डाळ, कडधान्य कुकरात निम्म्याच्या वर भरू नये, बाकी काही असले तरी दोनतृतीयांशाच्या वर नाही. डाळीत तेलाचा थेंब टाकला की फेस कमी येतो. नळी रोज घासताना उजेडाकडे धरून पाहावी, आरपार दिसली पाहिजे. आणखी एक सवय फार चांगली. झाकण लावल्या लावल्या शिट्टी ठेवू नका. नळीतून वाफेची सरळ धार येऊ द्या, मग ठेवा. आतली हवा निघून जाते, आणि नळी मोकळी आहे हेही डोळ्यांनी दिसते.

दुसरी वाट सेफ्टीची. झाकणावर एक लहानसे बटन असते, ते बऱ्याच जणींना ठाऊकच नसते. त्याच्या आत लवकर वितळणाऱ्या धातूचा तुकडा असतो. शिट्टीची नळी तुंबली, दाब व ताप वाढला, किंवा पाणी घालायचे विसरून कुकर कोरडा तापला, तर तो तुकडा वितळतो. तिथे भोक पडते आणि वाफ सुटते. घाबरायला होते खरे, पण ते बटन तेव्हा आपला जीव वाचवत असते. काही झाकणांच्या कडेला एक चीरही ठेवलेली असते. दाब फारच वाढला तर रबर त्या चिरेतून बाहेर येते आणि वाफेला वाट करून देते. ती चीर म्हणजे झाकणाची खोट नव्हे.

एवढे सगळे बोलून झाल्यावर आम्ही मावशींना म्हटले, "कुकर खाली काढा. आम्ही येतो बघायला."

गेलो. मावशींचा मुलगा माळ्यावर चढला. कुकर खाली आला तो धुळीने माखलेला. अॅल्युमिनियम जाड होते, बूड सपाट होते, भांड्याला कुठे चीर नव्हती. रबर मात्र लाकडासारखे कडक झालेले. ते वाकवले तसा त्याचा तुकडाच पडला. तेही एक वेळ चालेल, रबर नवे मिळते. पण झाकण उलटे केले आणि आमच्या पोटात गोळा आला. सेफ्टीच्या जागी एक लोखंडी बोल्ट होता. मागून नट घालून पक्का आवळलेला.

"हे कुणी केलं, मावशी?"

"तिथून वाफ जायची. दारावर दुरुस्तीवाला आला होता. त्यानं बंद करून दिलं. वीस रुपये घेतले."

म्हणजे सासूबाईंनी कुकर माळ्यावर टाकला ते एका अर्थी बरेच केले. त्या कुकराला शिट्टीच्या नळीशिवाय दुसरी वाट उरलीच नव्हती. एखाद्या दिवशी डाळीचे साल नळीत अडकते, तर काय झाले असते ते मावशींना सांगायला लागले नाही. त्या बोल्टकडे बघत राहिल्या.

आम्ही बाजारात गेलो. कुकर ज्या नावाचा, त्याच नावाचे रबर आणि त्याच नावाची सेफ्टी मागितली. दुकानदाराने आधी एक स्वस्त रबर पुढे केले, "सगळ्यांना बसतं" म्हणाला. ते घेतले नाही. एका कंपनीचे रबर दुसरीच्या झाकणाला बसल्यासारखे वाटते, पण वाफ कडेने गळते, नाहीतर झाकण अडकते. बोल्ट काढून नवी सेफ्टी बसवली. सगळा खर्च सिलिंडरच्या किमतीपुढे किरकोळ. मावशींना नवा कुकर घ्यायचा असता, तर आम्ही आयएसआय चिन्ह बघून घ्या असे सांगितले असते. २०२१ पासून घरगुती कुकर या चिन्हाशिवाय विकायला सरकारची बंदी आहे. रस्त्यावर ढीग लावून विकतात त्यांत चिन्ह नसलेलेही निघतात, म्हणून हाताने फिरवून बघावे.

पहिल्या दिवशी आम्ही कुकरात नुसते पाणी घातले. डाळ नाही, काही नाही. वाफेची धार आली, शिट्टी ठेवली, शिट्टी वाजली. मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. झाकणाच्या कडेने वाफ गळत नाही ना, ते त्यांनीच वाकून पाहिले. दुसऱ्या दिवशी डाळ घातली. निम्म्याच्या खाली, तेलाचा थेंब टाकून. सासूबाई स्वयंपाकघरात आल्याच नाहीत, उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. एक शिट्टी झाली, गॅस बारीक केला. नातवाने घड्याळ धरले. आठ मिनिटांनी गॅस बंद. मग सगळे तसेच बसून राहिले. मावशींनी शिट्टी उचलली. फुस्स झाले. पुन्हा ठेवली. थोड्या वेळाने पुन्हा उचलली. आता आवाज नव्हता. झाकणाची कड तोंडापासून दूर धरून त्यांनी ते काढले.

त्यांचा पुढचा सिलिंडर चोवीस दिवस गेला, हे त्यांनी नंतर वर्गात स्वतः फळ्यावर लिहून दाखवले. पण त्या दिवशी सासूबाई आत आल्या, पळीने थोडी डाळ घेतली, दोन बोटांत दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "अजून एक शिटी पाहिजे होती."

"शिटी नव्हे आजी," नातू म्हणाला, "दोन मिनिटं."